चाळणीतले मऊ दाणे

"पाय उचला! अहो, पाय उचला म्हणते ना!"

तो जागच्या जागी थांबला. एक पाय हवेत, दुसरा माझ्या पांढऱ्या झाकणांच्या ढिगात, आणि छातीशी घट्ट धरलेली चामड्याची बॅग. आमच्या गल्लीत असे चकचकीत बूट घालून कुणी येत नाही. आलंच तर एक तर सरकारी असतं, नाहीतर चुकलेलं. हा चुकलेला वाटत होता.

"उचललाय की एक," तो म्हणाला. "दुसराही उचलला तर पडेन."

"पडा. पण तिकडे पडा. सकाळपासून निवडलेला ढीग आहे तो."

त्याने बिचाऱ्याने उडी मारली आणि नेमकं काहीतरी त्याच्या टाचेखाली कडकन मोडलं.

"ते झाकण नाही," मी मान वर न करता म्हणाले. "कुठल्यातरी खेळण्याचा तुकडा आहे. त्या डावीकडच्या पोत्यात टाका."

त्याने वाकून पाहिलं. खेळण्यातल्या मोटारीचं चाक होतं. "न बघता कसं कळलं?"

"देवाने दोन कान दिलेत. तुम्हालाही दिलेत की… चांगले मोठे आहेत."

ते मोठे कान लालेलाल झाले. मी हसू दाबायला तोंडावर ओढणी घेतली, म्हटलं धूळ फार आहे.

तो अयाद. कैरोतल्याच शुब्र्याचा, आमच्यासारखाच कॉप्टिक ख्रिश्चन, मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेला बारीक क्रूस. कॉलेजात प्लास्टिकवर संशोधन करायचा आणि माझ्या मिस्त्री बाबांना, उस्ता इस्हाकना शोधत आला होता. आमचं घर मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी. अख्ख्या कैरोचा कचरा आमच्या तळमजल्यावर येतो आणि त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. बाबांकडे प्लास्टिकचा चुरा करायचं एक यंत्र आणि तो वितळवून दाणे पाडायचं एक यंत्र. आणि मी. मोहराईल. सगळे मोहरा म्हणतात. सहा वर्षांची होते तेव्हापासून निवडायला बसते. कुठलंही प्लास्टिक कानाशी मोडून सांगते काय आहे ते. बाबा मिशीला पीळ देत लोकांना सांगायचे, "माझ्या मोहराच्या हाताखालून गेलेल्या पोत्यात परका दाणा सापडला, तर ही मिशी उतरवेन."

अयादला हे खरं वाटेना. त्याने बॅगेतून तुकडे काढले, पाठीमागे हात नेले आणि एकेक मोडायला लागला.

"झाकण," मी म्हणाले. "शांपूची बाटली. दह्याचा डबा. परत बाटली, पण जुनी, उन्हात पडलेली…"

"आणि हे?"

मी थबकले. "हे पुन्हा करा." त्याने पुन्हा मोडलं. "यात दोन आवाज येतायत. आधी कडक, मग मागून मऊ. दोन जण एकाच वेळी बोलतायत आणि दोघांचंही पटत नाहीये. कुणी बनवलंय हे? फार वाईट बनवलंय."

"मी," तो म्हणाला.

मग मात्र मला हसू दाबता आलं नाही. तोही हसला. पुढे कधीतरी त्याने सांगितलं, जे मी दोन क्षणांत सांगितलं ते कळायला त्याला कॉलेजच्या मशीनवर चार महिने लागले होते.

दर सोमवारी आणि बुधवारी तो यायला लागला. कारण कामाचंच होतं. झाकण असतं कडक, पण थंडीत तडकतं. बाटली असते चिवट, पण वजन ठेवलं की वाकते. दोघांचे गुण एकत्र आले तर भाजीचे असे क्रेट होतील की बाजारात फेकले तरी मोडायचे नाहीत. आणि आमच्याकडे तर झाकणं आणि बाटल्या एकमेकांना चिकटूनच येतात. सोडवता सोडवता बायकांची बोटं सोलून निघतात.

"मग वितळवा एकत्र," मी म्हणाले. "त्यात काय मोठंसं?"

"वितळल्यावर गोडीगुलाबीने राहतात. गार झाले की वेगळे होतात. वरून एक दिसतात, आतून दोन. धक्का बसला की नेमके त्या सीमेवरच फाटतात."

"आमची आत्या आणि तिची थोरली सून."

"आं?"

"लग्नाच्या मांडवात गळ्यात गळे. आता चूल वेगळी."

तो इतका हसला की त्याला खोकला आला. धुळीने त्याला नेहमीच खोकला यायचा. मग म्हणाला, "म्हणून मध्ये तिसरं कुणीतरी लागतं. असं, की ज्याचं अर्धं अंग झाकणाच्या जातीचं आणि अर्धं बाटलीच्या. ते बरोबर सीमेवर जाऊन बसतं आणि दोघांचे हात धरून ठेवतं. थोडंसंच लागतं. शंभरात पाच."

"आणि या मधल्याचं स्वतःचं काय? आयुष्यभर दुसऱ्यांचे हात धरत बसायचं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं नाही… जरा जास्त वेळ. "मधल्याचं कुणी विचारलंच नव्हतं मला आजवर," तो हळूच म्हणाला.

मी खाली बघून झाकणं निवडायला लागले. त्या सगळ्या पोत्यात मी निळी आणि पांढरी झाकणं एकत्र केली हे मला संध्याकाळी कळलं.

हा 'मधला' दिसतो कसा, हे मात्र मी कधी विचारलं नाही. त्याच्या बॅगेत एक तपकिरी बाटली असायची. मी मनाशी ठरवून टाकलं की मधला त्या बाटलीत आहे, पातळ, औषधासारखा, यंत्रात थेंब थेंब टाकायचा. हुशार मुली विचारत बसत नाहीत ना! मी तर गल्लीतली सगळ्यात हुशार.

वसंतातले धुळीचे वारे सुटले तेव्हा तो मला "मिस मोहराईल" म्हणायचा. ते थांबले तेव्हा "मोहरा" म्हणायला लागला होता, आणि मी "अयाद" म्हणत होते. त्याने मला एक भेट दिली. काय असेल सांगा? मशीनमध्ये ताणून बघायला कापतात तशी प्लास्टिकची पट्टी, दोन्ही टोकांना रुंद, मध्ये कमरेसारखी बारीक.

"लोक अंगठ्या देतात," मी म्हणाले.

"अंगठी ताणून बघता येत नाही."

"आणि ही ताणली तर?"

"चांगली असेल तर लांब होत जाते. तुटत नाही."

आत्याचा मुलगा रिज्क हे सगळं समोरून बघत असायचा. त्याचं बुटांच्या तळव्यांच्या रबराचं दुकान आमच्या अगदी समोर. रिज्क वाईट नाही. पण त्याला तोंड आवरत नाही. "काय इंजिनिअर," तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, "झाकणं शिकताय की झाकण उघडताय?" आणि त्याची दुकानातली माणसं खिदळायची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कारण मला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, की बाबांनी आत्याला माझ्याबद्दल अर्धा शब्द दिलेला आहे. संत समआनच्या सणाला तो पूर्ण करायचा होता.

उन्हाळा सरता सरता एका सोमवारी अयाद सरळ बाबांपुढे जाऊन उभा राहिला. मी जिन्यात होते. काळीज इतकं धडधडत होतं की मला शब्द नीट ऐकू येईनात. या कानांना!

"उस्ता, माझ्या आईला घेऊन यायचंय तुमच्याकडे. मोहराईलसाठी."

बाबांनी बराच वेळ मिशीला पीळ दिला. "तुझं कॉलेज मला कळत नाही, पोरा. मला क्रेट कळतो. क्रेटवाले हाज मदबूली येणार आहेत. त्यांच्याकडे आपला दाणा पाठवू. ते क्रेट पाडतील, कांदे भरतील आणि ट्रकावरून बारा वेळा खाली फेकतील. टिकला, तर आईला आण. बहिणीला मी समजावेन. पण जो माल टिकवू शकत नाही त्याला मी पोरगी देत नाही."

"आणि नाही टिकला तर?"

"रिज्क आहेच. आणि तोवर तू वर बघायचं नाही, ती कारखान्यात पाय ठेवणार नाही. एकदाही नाही. भिंतींना कान असतात इथे."

मग आमचं बोलणंच बंद झालं. मी गच्चीच्या कठड्यावरून दोरीने टोपली खाली सोडायची. त्यात उपासाच्या दिवसांतली गरम तामिया, म्हणजे कडधान्याचे तळलेले वडे, भाकरीत घालून. टोपली वर यायची तेव्हा तिच्यात एखादी पट्टी असायची. मी ती कानाशी वाजवायची. दोन आवाज… दोन आवाज… आणि एका बुधवारी, एकच! स्वच्छ, भरीव, घंटेसारखा एक आवाज. मी वरून टोपलीला दोन झटके दिले. खाली त्याने मान वर केली नाही, शब्द पाळणारा माणूस, पण कान लाल झालेले मला गच्चीवरून दिसले.

इतकी सुखी मी त्यानंतर कधी झालेली नाही.

पुढच्याच बुधवारची गोष्ट. दाणे दुसऱ्या दिवशी पाडायचे होते. अयादने सकाळी येऊन दोन पोती चुरा तयार करून ठेवला, बाबांना सांगितलं, "आता यात काही मिसळायचं नाही, जसाच्या तसा यंत्रात घाला," आणि निघून गेला. गुरुवारी त्याचे कॉलेजात तास असायचे. दुपारी बाबा उपासाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेले. कारखाना रिकामा. आणि मी… मला राहवेना. एकदाच बघावं, हात लावावा. माझं सगळं नशीब त्या दोन पोत्यांत भरून ठेवलं होतं ना!

मी खाली उतरले. पोत्यात हात घातला. चुरा बोटांतून सोडला. आणि बोटांना काही वेगळंच लागलं.

मऊ दाणे. बारीक, काचेसारखे आरपार दिसणारे, पण मऊ. दातांत धरला तर रबरासारखा चावला गेला. आणखी हात घातला, आणखी निघाले. दोन्ही पोत्यांत, तळापर्यंत.

आमच्याकडे निवडायला बसलेल्या लेकराला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की रबर बाहेर. झाकणाच्या आतली मऊ चकती बाहेर, बाटलीच्या गळ्यातलं वर्तुळ बाहेर, जे चावलं जातं ते सगळं बाहेर. मूठभर रबर पोतंभर माल नासवतं. आणि रबर कुणाकडे असतं? समोर! रिज्ककडे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मेल्या, तोंडाने टोमणे मारून पोट भरलं नाही, आता पोत्यात कालवाकालव?

बाबांना सांगायची सोय नव्हती. कारखान्यात पाय ठेवलाच कसा, हेच आधी विचारलं असतं. अयादला सांगायला वाट नव्हती. पण मला हात होते. खिळ्यावरची चाळणी काढली आणि बसले. चुऱ्याचे तुकडे मोठे, हे दाणे बारीक. चाळलं की खाली पडायचे. घामाने डोळे चुरचुरत होते, हात भरून आले होते आणि मी गुणगुणत होते. खरं सांगते, गुणगुणत होते! एकेक दाणा बाहेर पडत होता आणि मला वाटत होतं, मी माझ्या माणसाच्या वाटेतला एकेक खडा उचलतेय. दोन किलो भरले असतील. ते मी रिज्कच्या दारातल्या रबराच्या पोत्यात ओतले. घे तुझं तुला. ती पोती त्याच संध्याकाळी बुटांच्या कारखान्यात गेली. मी चाळणी परत खिळ्याला लावली, हात धुतले आणि वर जाऊन मसूर शिजत घातली.

पुढच्या आठवड्यात शनिवारी हाज मदबूली चार क्रेट घेऊन आले. अख्खी गल्ली जमली. ट्रक उभा राहिला, क्रेटमध्ये कांदे भरले. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर आईच्या मागे होते. समोर अयाद, पांढरा शर्ट, शेजारी बाबा. अयादने माझ्याकडे पाहिलं नाही. पण ओठ हलले. प्रार्थना असावी.

पहिला क्रेट खाली आदळला. मोडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मी मात्र गार पडले. कारण मला आवाज ऐकू आला होता. दोन आवाज.

दुसऱ्यांदा फेकला. तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कोपरा उडाला आणि कांदे गल्लीभर घरंगळले. दुसरा क्रेट पहिल्याच फेकीला मधोमध फाटला. हाज मदबूलींनी तिसरा उचललाच नाही.

"अरे कांदे गोळा करा रे!" रिज्क ओरडला. "इंजिनिअरच्या लग्नाच्या जेवणाला लागतील!"

अयादला काही ऐकू येत नव्हतं. त्याने फुटका कोपरा उचलला, कडेला नख लावलं, आणि प्लास्टिकचा पापुद्रा निघाला. कांद्याचा निघतो तसा. मग दुसरा. तिसरा.

"मधला नाही यात," तो पुटपुटला. "पण मी घातला होता. माझ्या हाताने. दोन किलो… मऊ, पारदर्शक दाणे…"

मी भिंत धरली.

"पोत्यांना कुणी हात लावला?" बाबा गरजले. "बोला! कोण गेलं होतं आत?"

अयाद वळून कारखान्याच्या दाराकडे बघत होता. आत खिळ्यावर चाळणी टांगलेली. मागच्या खिडकीचं ऊन तिच्यातून येत होतं आणि जाळीत अडकलेले मऊ दाणे चमकत होते. त्याने ते पाहिले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. पण चाळीस माणसं उभी होती. तुमचा शब्द मोडून मी चोरून खाली गेले, या माणसासाठी गेले, आणि तुमच्या मोहराच्या हातांनीच सगळं मातीत घातलं, हे बाबांच्या मिशीसमोर कसं सांगू? म्हटलं, आत्ता नको. माणसं पांगू देत. उद्या सांगते. जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

अयादने माझ्यावरची नजर काढली.

"चूक माझी आहे, उस्ता," तो म्हणाला. "माझं मोजमाप चुकलं. कुणीही हात लावलेला नाही."

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी मान हलवली आणि घरात गेले. हाज मदबूलींचा ट्रक निघून गेला. ते पुन्हा यायचे नव्हते, आणि ते दाणेही पुन्हा मिळायचे नव्हते. कॉलेजला परदेशातून तेवढी एकच पिशवी मिळाली होती. हे मला सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मी एवढंच बघत होते, की पांढरा शर्ट घातलेला एक माणूस रस्त्यावर ओणवा होऊन लोकांचे कांदे गोळा करतोय.

चार दिवसांनी तो उरलेलं सामान न्यायला आला. बाबा घरी नव्हते. मी त्याला जिन्यातच गाठलं.

"मी काढले ते दाणे," मी एका दमात म्हणाले. "मला वाटलं रबर आहे. मला वाटलं रिज्कने… तुझा माल खराब व्हायला नको म्हणून रे! मला वाटलं, मधला त्या तपकिरी बाटलीत असतो…"

"त्यात खोकल्याचं औषध असतं, मोहरा."

मला हसू आलं आणि रडू आलं, एकदमच. तो मात्र हसला नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"चाळणी पाहिली तेव्हाच कळलं."

"मग का नाही सांगितलंस? माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझ्या बाबांच्या तोंडावर? चाळीस माणसांत?" त्याने बॅगेचा पट्टा नीट केला. "ते मी घ्यायचं नव्हतं. तू घ्यायचं होतंस."

मी ओढणीचं टोक पिळत राहिले.

"चाळणीचं मला काहीच वाटत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "उलट… तुझ्या जागी मी असतो तर मीही चाळले असते. पण मी तिथे उभा होतो, तुझ्याकडे बघत होतो. एक शब्द, मोहरा. 'मी' एवढंच म्हणाली असतीस ना, तर मी तुझ्या बाबांच्या पायाशी वर्षभर बसलो असतो. दुसरे दाणे आणले असते, कुठूनही आणले असते."

"मी बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला.

तेवढंच. रागावला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं. मी त्याची बाही धरली. "थांब ना, अयाद. मी आज सांगते बाबांना. आत्ता सांगते."

"सौदीत, जुबैलला नोकरी घेतलीय. परवा निघतोय." त्याने माझी बोटं सोडवली, अगदी हलक्या हाताने, एकेक करून. "हाताला पट्ट्या बांधत जा चाळताना. सोललेत सगळे."

तो गेला. मी जिन्यात बसून राहिले. वर मसुरीचं पातेलं करपलं, आई ओरडायला लागली तरी उठले नाही.

आणि बाबांना सांगितलं? नाही. तो गेल्यावर कुणासाठी सांगायचं, अशी मी माझीच समजूत घातली. भित्र्या माणसाला समजुती बऱ्या सापडतात.

एक गोष्ट मात्र केली. चाळणी खाली घेतली आणि सुईने जाळीतले दाणे एकेक सोडवले. एक्काहत्तर निघाले. एका झाकणात मावले. मग एका दुपारी घरी कुणी नसताना लोखंडी तव्यावर थोडा झाकणांचा चुरा, थोडा बाटल्यांचा, आणि ते एक्काहत्तर दाणे घातले. धुराने डोळे भरले. लाटण्याने लाटलं, घडी घातली, पुन्हा लाटलं, कणकेसारखं, हात भाजेपर्यंत. दोन फरश्यांमध्ये दाबून गार केलं. तळहाताएवढी एक वेडीवाकडी वडी झाली. कानाशी वाजवली नाही. धीर झाला नाही. खिडकीत ठेवून दिली.

संत समआनच्या सणाला आत्या मिठाई घेऊन आली. आमचे पाद्री अबूना आले, शेजारीपाजारी आले. बोलणी पक्की करून प्रार्थना म्हणायची, की झालं. माझ्या अंगावर गुलाबी कपडे होते. मला आतून काहीच वाटत नव्हतं. बधिर झालेल्या बोटाला सुई टोचावी तसं.

रिज्क खिडकीपाशी उभा होता. लाजला होता तो, खरंच लाजला होता, आणि हातांना काही चाळा हवा म्हणून त्याने ती वडी उचलली. सहज मोडायला गेला. मोडेना. दोन्ही हातांनी जोर लावला. मग जमिनीवर टेकवून टाचेखाली दाबली. वडी वाकली आणि परत सरळ झाली.

"अरेच्चा!" तो हसत म्हणाला. "काय आहे हे? मोडतच नाही. कुणाचं आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पुन्हा चाळीसेक माणसं असतील. आणि कुणास ठाऊक कसं, या वेळी जीभ सुटली.

"अयादचं आहे," मी म्हणाले. "त्याचं मोजमाप कधीच चुकलं नव्हतं. बाबा, तुम्ही नको म्हणाला होतात तरी मी आत गेले होते. त्याचे दाणे मी चाळून टाकले. मला वाटलं रिज्कने रबर घातलंय. क्रेट मी मोडले. त्याला ठाऊक होतं आणि त्याने माझं नाव घेतलं नाही. आणि मी… मी उभी राहून बघत होते."

आत्याने मिठाईचा खोका उचलला. रिज्कने वडी परत खिडकीत ठेवली, अगदी जपून. "मी रबर घालेन असं वाटलं तुला?" एवढंच त्याने विचारलं आणि तो आईच्या मागून खाली उतरला. त्यालाही मी दुखावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा यंत्रापाशी आले तेव्हा ओठावर मिशी नव्हती. मी तोंडात ओढणी कोंबून रडले.

वडी मी जुबैलला पाठवली. पत्ता कॉलेजातून मिळवला. चिठ्ठीत घडलेलं सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की मी सगळ्यांसमोर बोलले. उशिरा, पण बोलले. मी वाट बघेन.

नाताळ झाला. हिवाळा गेला. धुळीचे वारे पुन्हा सुटले. मी निवडत होते, शिकाऊ मुलींना शिकवत होते. रबर बाहेर, म्हणता म्हणता थांबायचे आणि सांगायचे, "आधी विचारा कुणाचं आहे." रस्त्यावर बूट वाजले की कान टवकारायचे. दर वेळी दुसऱ्याच कुणाचे असायचे.

परवा पाकीट आलं.

आत एक पट्टी होती. माझ्याच वडीतून कापलेली, दोन्ही टोकांना रुंद. पण मधली कंबर ओळखू येऊ नये इतकी ताणलेली, बोटभर होती ती आता वीतभर, धाग्यासारखी बारीक आणि ताणून ताणून पांढरी पडलेली. तुटलेली नव्हती. मी दोन्ही टोकं धरून ती पुन्हा आखूड करायला पाहिली. होत नाही. एकदा इतकं ताणलं की प्लास्टिक पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

सोबत चार ओळी. "मशीन शेवटपर्यंत ताणून थांबलं, ही तुटली नाही. कॉलेजात मला इतकी चांगली कधी जमली नव्हती. तू बोललीस हे वाचलं, दोनदा वाचलं. आईने इथल्याच एका घरी माझं ठरवलंय, पुढच्या महिन्यात लग्न आहे. अयाद."

मी चिठ्ठीची घडी घातली. खाली बाबांनी यंत्र सुरू केलं होतं, ते थांबेपर्यंत मी बसून राहिले. मग पट्टीचं एक टोक धरलं, कानाशी नेलं आणि नखाने वाजवलं.

एकच आवाज आला.